‘निगेटिव्ह एनर्जी’ दाखवणारं मशीन घ्यायच्या आधी घरीच टेस्ट कशी करायची

मागच्या दिवाळीनंतर मावशीकडे एक वास्तूवाले आले होते. हातात मूठ आणि मुठीला पुढे सहज फिरणारी दांडी असलेलं मशीन, हॉलमधनं हळूहळू चालत किचनच्या दारात आले आणि दांडी गर्रकन डावीकडे वळली. मावशी एकदम गप्प झाली. काका जाऊन चारच महिने झाले होते आणि हे सांगतायत की इथे निगेटिव्ह एनर्जी अडकलीय, १८,००० चे तांब्याचे पिरॅमिड बसवा. मी तिथे होतो म्हणून पैसे वाचले, पण प्रत्येक घरात असं कोणी नसतं ना, म्हणून काय केलं ते लिहितोय.

आधी मशीन स्वतःच्या हातात घ्या. दांडी नुसती खिळीवर फिरत असेल तर मनगट जरासं झुकलं तरी ती वळते. आणि धरणारा मुद्दाम झुकवतो असं नाही, मनात जे असतं तसा हात नकळत हलतो, त्याला स्वतःला कळतही नाही. शास्त्रज्ञ मायकेल फॅराडेने १८५३ मध्ये हेच दाखवलं, तेव्हा लंडनला आत्मे टेबल फिरवतात म्हणायचे, त्याने टेबल आणि हात यांच्यामध्ये पुठ्ठ्याचे थर ठेवले तर टेबलाआधी वरचा पुठ्ठा सरकलेला, म्हणजे ढकलत हातच होते. ही दांडी किती महागात पडू शकते ते इराकला विचारा, एडीई ६५१ नावाचा बॉम्ब डिटेक्टर असाच होता, मूठ आणि फिरणारी अँटेना, आत काम करणारं काहीच नाही, बगदादच्या चेकपोस्टवर तो वापरला आणि बॉम्ब तसेच आत गेले, माणसं मेली. विकणाऱ्या जेम्स मॅकॉर्मिकला २०१३ मध्ये लंडनच्या कोर्टाने १० वर्षं दिली.

आता मुख्य टेस्ट. दोन सारखे स्टीलचे डबे घ्या, आणि वास्तूवाला जो पिरॅमिड विकतोय तोच एका डब्यात ठेवा, कुठल्या डब्यात ते मशीनने ओळखायचं. सुरुवातीला उघड्यावर चार वेळा करून घ्या, कुठल्या डब्यात आहे ते त्याला माहीत असताना. मशीन चारही वेळा बरोबर दाखवेल, आणि त्याच्या तोंडून वदवून घ्या की आज मशीन व्यवस्थित चालतंय, म्हणजे नंतर ‘आज ग्रह ठीक नाहीत’ हे राहत नाही. मग खरी फेरी, एकाने नाणं उडवून पिरॅमिड लपवायचा आणि खोलीबाहेर जायचं, दुसऱ्याने, ज्याला उत्तर माहीत नाही, त्याने वास्तूवाल्याला आत आणायचं. हे दुसरं माणूस फार महत्त्वाचं आहे, कारण ज्याला उत्तर माहीत असतं त्याची नजर त्या डब्याकडे जातेच. असं १० वेळा, दर वेळी कागदावर लिहायचं. नुसत्या अंदाजाने पाचच्या आसपास येतात, ९ किंवा १० येण्याची शक्यता शंभरात साधारण एक, तेव्हा ९ आले तरच पुढे बोलू असं आधीच ठरवून टाका.

ऑनलाईन जे लाईटवाले भूत मीटर मिळतात त्यांचं वेगळं आहे, ते मशीन खरंच काहीतरी मोजतं, विजेच्या तारांभोवतीचं चुंबकीय क्षेत्र. ते घेऊन फ्रीजच्या मागे, इन्व्हर्टरजवळ, चालू मिक्सरजवळ जा, दिवे पेटतील. मग मेन स्विच बंद करा, सगळे मोबाईल फ्लाईट मोडवर टाका आणि त्याच ‘झपाटलेल्या’ कोपऱ्यात परत बघा (फ्लॅट असेल तर शेजाऱ्याची वायर भिंतीपलीकडनं जात असते हे लक्षात ठेवा). आणि आत्म्यांचा आवाज ऐकवणारा डबा म्हणजे भराभर स्टेशन बदलणारा रेडिओ, दोघांनी वेगवेगळ्या खोलीत बसून त्याचं एकच रेकॉर्डिंग ऐका आणि ऐकलं ते न बोलता लिहा, मग कागद जुळवून बघा.

पैसे गेलेच असतील तर पावती, जाहिरातीचा स्क्रीनशॉट, व्हॉट्सॲपचे मेसेज काहीही डिलीट करू नका आणि ग्राहक हेल्पलाईन १९१५ वर तक्रार टाका. आपल्याकडे महाराष्ट्रात २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा आहे, आणि जानेवारी २०२१ मध्ये हायकोर्टाच्या औरंगाबाद खंडपीठाने टीव्हीवर दैवी शक्तीचा दावा करून यंत्रं विकणाऱ्या जाहिराती याच कायद्याखाली बेकायदा ठरवल्यात. अंनिसचे (अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे) कार्यकर्तेही मदत करतात.

आणि एक, ज्या माणसाला भीती वाटतेय त्यालाच नाणं उडवायला द्या. आमच्याकडे मावशीने लपवलं, मावशीनेच कागदावर खुणा केल्या, उघड्यावर चारपैकी चार आणि झाकल्यावर दहापैकी चार. वास्तूवाले स्वतःच दोन मिनिटं मशीनकडे बघत बसले, त्यांचाही त्याच्यावर मनापासून विश्वास होता असं मला वाटतं. मावशीने तो कागद घडी घालून काकांच्या फोटोमागे ठेवला आणि किचनमध्ये जाऊन सगळ्यांना चहा टाकला.