उघडेच अडकलेले सनरूफ : हात लावण्यापूर्वीची तयारी

पंधरा-वीस वर्षांच्या गाडीचे विजेवर चालणारे सनरूफ उघडे असताना अडकले की हात आपोआप पुन्हा त्याच बटणाकडे जातो, आणि पहिली तयारी म्हणजे तो हात आवरणे. मोटरीचा आवाज येतो पण काच हलत नाही, किंवा एकच बाजू पुढे येऊन काच तिरकी होते, अशा वेळी बटण जितक्या वेळा दाबावे तितका आतल्या नाजूक भागांवरचा ताण वाढतो. जुन्या सनरूफची जी मोडतोड होते ती मूळ बिघाडापेक्षा नंतर लावलेल्या जोरानेच अधिक होते, असे माझे ठाम मत आहे, आणि ते किंमत मोजून झालेले आहे. मे महिन्याच्या अखेरीस जालन्याहून छत्रपती संभाजीनगरकडे जाताना बदनापूरच्या पुढे आमच्या जुन्या गाडीचे सनरूफ अर्धे उघडे अडकले. समोर वळवाचे आभाळ भरून आले होते आणि घाबरून मी दहा-बारा वेळा बटण दाबले. शेवटच्या खेपेस छतातून ‘टक्’ असा कोरडा आवाज आला. पुढे मेस्त्रींनी काच उतरवली तेव्हा डाव्या रुळात बोटाच्या पेराएवढा काळा प्लॅस्टिकचा तुकडा सापडला, त्याचा एक कान मोडलेला होता. भोवतीचे ग्रीस धुळीने इतके घट्ट झाले होते की नखाने खरवडल्यावर मेणासारखी वळी निघाली, आणि त्या वळीत कापसाचे तंतू व लिंबाचा वाळलेला मोहोर स्पष्ट दिसत होता. ‘भाऊ, आधी नुसती घाण होती, कान नंतर मोडला,’ एवढेच ते म्हणाले.

दुसरी तयारी समजुतीची आहे. छतातली एक लहान मोटर दातेरी चक्र फिरवते. त्या चक्रात आटे पाडल्यासारख्या दिसणाऱ्या दोन ताठ पोलादी केबली अडकलेल्या असतात, त्यांपैकी एक डाव्या रुळात व दुसरी उजव्या रुळात जाते, आणि त्यांच्या टोकाचे सरकते तुकडे काचेला पुढे-मागे नेतात व उचलतात. दोन्ही केबली सारख्या सरकल्या तरच काच सरळ राहते. हे डोळ्यांसमोर ठेवले की लक्षणे वाचता येतात. बटण दाबल्यावर काहीच आवाज येत नसेल तर शोध विजेच्या बाजूने सुरू करावा. मोटर जोरात फिरते पण काच ढिम्म राहते, तेव्हा चक्राचे दाते झिजले असण्याची किंवा केबल सुटली असण्याची शक्यता धरावी. काच थोडी येऊन थांबत असेल तर रुळात अडथळा आहे असे समजावे, आणि तिरकी होत असेल तर एका बाजूचा सरकता तुकडा किंवा केबल गेली आहे. नुकतीच बॅटरी बदलली असेल तर बिघाड मुळीच नसण्याचीही शक्यता असते. पुष्कळ गाड्यांत वीज तुटल्यावर सनरूफ आपली बंद अवस्था विसरते आणि ती त्याला पुन्हा शिकवावी लागते. एकदा, फक्त एकदाच, बटण दाबून तो आवाज मोबाइलवर ध्वनिमुद्रित करावा आणि काचेच्या दोन्ही कडांचे छायाचित्र घ्यावे. पुढे मेस्त्रींपुढे वर्णन करत बसण्यापेक्षा याचा उपयोग फार होतो.

दुरुस्ती लगेच होणार नसेल तर झाकण्याची सोय आधी हवी, कारण आपल्याकडे वळवाचा पाऊस सांगून येत नाही आणि मृग लागला की थांबायला सवड राहत नाही. साधारण २ मीटर रुंद व ३ मीटर लांब असे जाड प्लॅस्टिकचे कापड, कापडात गुंडाळलेली सहा-आठ चुंबके, रंगकामाची कागदी चिकटपट्टी आणि दोन जुने टॉवेल एवढे सामान पुरते. छत पोलादी असल्याने चुंबके चांगली धरतात आणि रंगावर ओरखडाही येत नाही. खाकी चिकटपट्टी सरळ रंगावर लावू नये. परभणी-नांदेडच्या उन्हात तिचा डिंक वितळून रंगात मुरतो आणि काढताना जुना रंग सोबत घेऊन येतो. कापडाच्या कडा दारात चिमटून आत घेण्याचा मोह होतो, पण मग पाणी त्याच कडेवरून आसनावर उतरते, म्हणून कडा बाहेरच लोंबू द्याव्यात. हे झाकण उभ्या गाडीसाठी आहे. ते लावून महामार्गावर गाडी पळवली तर वारा आत शिरून कापड फाटते आणि मागून येणाऱ्याच्या काचेवर जाऊन बसू शकते. रस्त्यातच अडकले असेल तर जवळचा पेट्रोल पंप, मंगल कार्यालयाचा मांडव किंवा एखादे पत्र्याचे शेड गाठावे आणि तिथे थांबावे.

काम करण्यासाठी जागा सावलीची व वेळ सकाळची निवडावी. उन्हाळ्यात दहानंतर छताच्या पत्र्याला हात लावणे अशक्य होते. लिंबाखाली गाडी लावून हे काम करू नये. चैत्र-वैशाखात उघड्या रुळांत मोहोर पडत राहतो आणि साफ केलेले पुन्हा भरते. सोबत एक माणूस हवाच, कारण काच काढायची वेळ आली तर ती दोघांनी दोन्ही बाजूंनी सरळ उचलावी लागते. ही काच कडक केलेली असते. कोपरा फरशीवर आपटला तर तिचा क्षणात चुरा होतो. म्हणून जमिनीवर आधीच गोधडी किंवा जाड सतरंजी अंथरून ठेवावी. लहान मुलांना गाडीपासून दूर ठेवावे. काच हाताने सरकवताना बोट मध्ये आले तर ते वाचवणारी कोणतीही यंत्रणा त्या क्षणी काम करत नसते.

कागदपत्रांत गाडीचे माहितीपुस्तक सर्वांत महत्त्वाचे. त्यातून तीन गोष्टी कागदावर उतरवून घ्याव्यात: सनरूफच्या फ्यूजचा क्रमांक व त्याची क्षमता, हाताने बंद करण्याची जागा, आणि बंद अवस्था पुन्हा शिकवण्याची पद्धत. पुस्तक हरवले असेल तर त्याच मॉडेलची व त्याच वर्षाची प्रत मिळवावी, कारण एकाच नावाच्या गाडीत वर्षागणिक रचना बदललेली असते. सनरूफ कंपनीतून आलेले आहे की मागाहून बाजारात बसवलेले, हेही पाहावे. मागाहून बसवलेले असेल तर गाडीच्या पुस्तकात त्याचा उल्लेख नसतो. अशा वेळी काचेच्या किंवा चौकटीच्या कडेवर वेबास्टो, इनाल्फा अशा सनरूफ बनवणाऱ्याचे नाव असलेली पट्टी शोधावी व सुटे भाग त्या नावाने मागावेत.

हत्यारे फार लागत नाहीत, पण नेमकी लागतात. ३ ते ६ मिलिमीटरपर्यंतच्या एलन की (षटकोनी टोकाच्या किल्ल्या), ताऱ्याच्या आकाराचे टॉर्क्स बिट, लहान-मोठे पेचकस, क्लिप उचकटण्यासाठी प्लॅस्टिकची पट्टी, विजेरी, व्होल्ट मोजणारा मल्टिमीटर किंवा १२ व्होल्टचा टेस्ट लॅम्प, आणि स्क्रू ठेवायला जुनी स्टीलची ताटली. लोखंडी पेचकसाने छताचे अस्तर उचकटू नये. ज्या गाड्यांत पडद्यासारखी एअरबॅग छताच्या बाजूच्या कडेत बसवलेली असते, त्या कडांना तर हातच लावू नये. अस्तर उतरवण्याची वेळ आली तर ते काम जाणकाराकडेच सोपवावे.

विजेची तपासणी हत्यारांच्या आधी येते, कारण पुष्कळदा काम तिथेच संपते. इंजिन बंद असताना भरलेली बॅटरी सुमारे १२.६ व्होल्ट दाखवते. आकडा १२ च्या आसपास असेल तर सनरूफला दोष देण्यापूर्वी बॅटरी भरून घ्यावी. त्यानंतर फ्यूज काढून उजेडात पाहावा. पात्याच्या फ्यूजमध्ये १५ अँपिअरचा निळा, २० चा पिवळा, २५ चा पारदर्शक आणि ३० चा हिरवा असतो. जो आकडा पुस्तकात आहे तोच पुन्हा बसवावा. मोठा फ्यूज किंवा वायरीचा तुकडा घालून काम चालवण्याची सवय आपल्याकडे आहे, आणि ती छताच्या अस्तरामागे आग लावू शकते, म्हणून हे पोटतिडकीने लिहितो. नवा फ्यूजही लगेच उडाला तर तिसरा घालू नये. मोटर अडली आहे किंवा वायर कुठे घासून उघडी पडली आहे. फ्यूज शाबूत असेल तर मोटरीच्या जोडणीवर मल्टिमीटर लावून सोबत्याला बटण दाबायला सांगावे. साध्या रचनेत उघडताना व मिटताना विजेची दिशा उलटसुलट व्हायला हवी. वीज पोहोचते पण मोटर गप्प आहे, तर मोटर गेली. वीज पोहोचतच नाही, तर बटण, रिले (विजेने चालू-बंद होणारा स्विच) किंवा वायर यांच्याकडे वळावे.

आता हाताने बंद करण्याची तयारी. अनेक गाड्यांत पुढच्या आतल्या दिव्याच्या चौकटीमागे मोटरीच्या दांड्याला षटकोनी भोक असते, तर काही मॉडेलांत मोटर छताच्या मागच्या भागात असते आणि अस्तरातील एक लहान गोल झाकण काढल्यावर ती जागा दिसते. त्या भोकात बसणारी षटकोनी किल्ली खिशात असेल तर काम दहा मिनिटांचे आहे, नसेल तर दिवस जातो. काही रचनांत किल्ली वर दाबून धरली तरच चक्र मोकळे होते, म्हणून आधी पुस्तक पाहावे. अर्धा फेरा द्यावा, बाहेरून सोबत्याला काचेच्या दोन्ही कडा बघायला सांगावे, मग पुढचा अर्धा फेरा द्यावा. किल्ली जड लागली तर थांबून किंचित उलट फिरवावी आणि रुळात काय आहे ते पाहावे. काच तिरकी येत असेल तर किल्लीने ओढत राहू नये. मोटर सोडवून केबली मोकळ्या कराव्यात आणि दोघांनी दोन्ही बाजूंनी सारख्या मापाने काच हाताने पुढे आणावी. मोटर काढण्यापूर्वी तिची जागा मार्करने खूण करून छायाचित्रात घ्यावी, कारण काच बंद आणि मोटर मात्र उघड्या अवस्थेत अशी जोडणी झाली तर पहिल्याच बटणाला काच चुकीच्या दिशेने ओढली जाते.

साफसफाईसाठी सुती फडके, जुना दात घासायचा ब्रश, सौम्य साबणाचे पाणी आणि रुळासाठी योग्य असे पातळ ग्रीस लागते. पेट्रोल किंवा रॉकेलने रूळ धुण्याचा सल्ला मिळतो; तो रबरी पट्टीसाठी घातक आहे. गंज सोडवणारा फवारा अडकलेला स्क्रू सोडवायला चांगला, परंतु रुळात मारला तर जुने ग्रीस वाहून जाते व थोड्याच दिवसांत पुन्हा कोरडे घर्षण सुरू होते. चाकांच्या बेअरिंगचे घट्ट ग्रीस तर मुळीच भरू नये, कारण काळ्या रानाची बारीक माती त्यात रुतून बसते आणि त्याची पुन्हा वळी होते. रबराला सिलिकॉनचा हलका हात पुरतो.

सुटे भाग मागण्यापूर्वी गाडीचा १७ अक्षरी चॅसिस क्रमांक, मोडलेल्या तुकड्याचे शेजारी मोजपट्टी ठेवून घेतलेले छायाचित्र आणि त्यावर कोरलेला क्रमांक जवळ ठेवावा. डावे-उजवे हे चालकाच्या आसनावर बसून समोर पाहताना ठरते, काचेवरून वाकून पाहताना नव्हे. कंपनीकडून अनेकदा पूर्ण चौकटच मिळते व ती परवडत नाही, तेव्हा दुरुस्ती संच किंवा भंगारातील गाडीचा भाग शोधावा लागतो. सरकते तुकडे मात्र दोन्ही बाजूंचे सोबतच बदलावेत, कारण दोघांचे वय सारखेच असते. संभाजीनगरजवळच्या शेंद्रा औद्योगिक वसाहतीत २००१ पासून स्कोडाच्या गाड्यांची जुळणी होत आली आहे. आमची गाडी त्यांतली नव्हती, तरी अशा रचनांची सवय असलेला हात मला जालन्यापेक्षा संभाजीनगरात लवकर सापडला. मेस्त्रींना आधी विचारावे की त्यांनी सनरूफची मोटर व केबल स्वतः उतरवली आहे का. ‘होऊन जाईल’ एवढ्यावर गाडी सोडू नये.

काच बंद झाल्यावर एक काम हमखास विसरते, ते म्हणजे पाण्याच्या नळ्या. काचेभोवतीच्या पन्हळीत पाणी शिरणे हे रचनेतच धरलेले असते. ते कोपऱ्यांतील भोकांतून बारीक नळ्यांनी खांबांमधून खाली जाते. कोपऱ्यात कपभर पाणी हळूहळू ओतावे आणि दाराच्या बिजागरीजवळ किंवा चाकाच्या कमानीत ते बाहेर पडते का ते पाहावे. पाणी तुंबले तर मऊ नायलॉनची तार हलकेच आत सरकवावी. टायरवाल्याकडची दाबाची हवा मारू नये, कारण आतली नळी जोडावरून निसटते आणि मग पाणी सरळ पायाखालच्या गालिच्यात उतरते. आमच्या गाडीच्या पुढच्या उजव्या नळीतून चिखलासारखा काळा गाळ आणि सात-आठ लिंबोळ्यांची साले निघाली.

शेवटी पुस्तकातल्या पद्धतीने बंद अवस्था पुन्हा शिकवावी. बहुतेक गाड्यांत बटण काही सेकंद सलग दाबून धरावे लागते. मग पहिले दोन दिवस सनरूफ मागे न सरकवता फक्त काचेची मागची कड उचलून व मिटवून पाहावे. नेमकी एलन की, योग्य आकड्याचे दोन फ्यूज आणि तो लिहून घेतलेला कागद एका लहान पिशवीत घालून डॅशबोर्डच्या कप्प्यात ठेवावा, आणि किल्ली कुठे लावायची ती जागा घरात गाडी चालवणाऱ्या प्रत्येकाला एकदा हात लावून दाखवावी.