वाढलेल्या मोगऱ्याची छाटणी

मोगऱ्याला कळ्या नव्या फुटीवर येतात, म्हणून महाराष्ट्रात त्याची छाटणी थंडी ओसरू लागताना, म्हणजे जानेवारीच्या अखेरीस किंवा फेब्रुवारीच्या आरंभी करावी. जमिनीतल्या झाडाचे पाणी त्याआधी काही दिवस तोडावे. मग धारदार कात्रीने वाळक्या, रोगट आणि एकमेकींत गुंतलेल्या फांद्या बुडापासून काढाव्यात आणि उरलेल्या निरोगी फांद्या, डोळ्याच्या, म्हणजे फांदीवर नवा कोंब फुटतो त्या जागेच्या, किंचित वर तिरका काप घेऊन, साधारण निम्म्यावर आणाव्यात. झुडूप बोडके दिसले तरी हात आखडू नये. झाड फार जुने असल्यास मात्र दरवर्षी एक तृतीयांश जून फांद्याच काढणे मला अधिक सुरक्षित वाटते. नंतर उरलेली पाने खुडून, बुडाशी कुजलेले शेणखत घालून पाणी सुरू करावे. कळ्या धरल्यावर कात्री लावू नये.