हरभऱ्यात फवारणीआधी शिकारी मोजा

मार्गशीर्ष सरत आला, विदर्भ-मराठवाड्यात हरभरा फुलावर आहे. दोन दिवस आभाळ भरून आलं की एकच विचारणा सुरू होते, "पहिला फवारा कोणता घ्यावा?" मी उलट विचारतो, तुमच्या वावरात कोतवाल पक्षी किती बसतात? लोकांना वाटतं थट्टा चालली आहे.

घाटे अळी म्हणजे हरभऱ्याचे घाटे, त्याच्या शेंगा, पोखरणारी अळी. तिचा पतंग रात्री फिरतो. कोवळ्या शेंड्यावर, कळीवर एकेक सुटं अंडं घालत जातो. अळी निघाली की पहिले काही दिवस पानाचा हिरवा भाग खरवडते, पानावर पांढुरके चट्टे दिसतात. मग कळ्या, मग फुलं, आणि शेवटी घाट्याला गोल भोक पाडून डोकं आत, धड बाहेर. एक अळी आयुष्यभरात ३० ते ४० घाटे पोखरते. ते बाहेर राहिलेलं धडच पक्ष्याच्या नजरेत येतं.

इतर पिकांत आपण मित्रकीटकांवर जेवढा भरवसा टाकतो, तेवढा हरभऱ्यात टाकू नका. कारण आंब, म्हणजे हरभऱ्याच्या पानांवर सुटणारा आंबट रस. पहाटे वावरातून चालून आलात तर पायजम्याला आंबट वास लागतो, तीच. जुनी माणसं रात्री पिकावर फडकं अंथरून दवासोबत ती धरायची आणि पोटदुखीवर द्यायची. माणसाला औषध असलेली ही आंब बारीक मित्रकीटकांना मात्र सोसत नाही. म्हणून ट्रायकोग्रामा या किडीच्या अंड्यांवर वाढणाऱ्या मित्रकीटकाची कार्डं दुसऱ्या पिकांत कामाला येतात, इथे पैसे वाया जातात. अपवाद कॅम्पोलेटिस नावाच्या बारीक गांधीलमाशीचा. ती लहान अळीच्या अंगात अंडं घालते. पानाला चिकटलेला भाताच्या दाण्याएवढा करडा-पांढरा कोष आणि शेजारी अळीची वाळकी कातडी दिसली तर समजा, ती येऊन गेली. हे कोष चिरडू नका. बाकी मदार पक्ष्यांवर.

पक्षी आपल्याकडे कमी नाहीत, त्यांना बसायला जागा कमी आहे. कोतवाल विजेच्या तारेवर बसतो, चरणाऱ्या गाईच्या पाठीवर बसतो. आपण धुऱ्यावरच्या बाभळी तोडल्या आणि वावर कसं मोकळं झालं म्हणून खूश झालो. मोकळ्या वावरात तो बसणार कुठे? एकरी २० पक्षीथांबे लावा. बांबूची कामटी किंवा जाड तुऱ्हाटी उभी रोवायची, वर हातभर आडवी काठी सुतळीनं करकचून बांधायची. इंग्रजी टी अक्षर झालं की काम झालं. आडवी काठी बोटाएवढी जाड हवी, पकड बसते. पिकाच्या वर फूट-दीड फूट राहील एवढी उंची पुरे. काठी झुलत असेल तर पक्षी एकदा बसतो आणि परत फिरकत नाही, म्हणून सुतळीची गाठ स्वतः बघा.

एका वर्षी मी सगळे थांबे धुऱ्याधुऱ्यानं लावले, डवऱ्याला अडचण नको म्हणून. धुऱ्यावर झाडं होतीच, पक्षी तसेही तिथे बसत होते. वावराच्या मधल्या तासांत, म्हणजे ओळींत, अळीनं ताव मारला. थांबे मधेच हवेत, सारख्या अंतरावर. आठ दिवसांनी प्रत्येक काठीखाली वाकून बघा. खाली पांढरी विष्ठा पडलेली असेल तर तो थांबा चालतो आहे. जी काठी कोरी, ती उपटून दहा पावलं पलीकडे रोवा.

सकाळी ऊन पडता पडता एका जागी शांत बसून हे बघण्यासारखं असतं. कोतवाल दुभंगलेली शेपटी हलवत काठीवर बसतो, मान तिरकी करतो, एकदम खाली झेपावतो आणि त्याच काठीवर परत येतो. अळी पायाखाली दाबून चोचीनं तोडून खातो. साळुंक्या मात्र जमिनीवर उतरून तासातासानं चालत वेचतात. बगळे डवऱ्यामागून येतात, मातीतून उघडे पडलेले कोष त्यांना मिळतात. रात्री त्याच थांब्यांवर पिंगळे येतात, पतंग आणि उंदराची पिल्लं टिपायला. पिंगळ्याच्या आवाजाला अपशकुन मानून त्याला दगड मारणाऱ्यांना काय सांगावं!

पेरणीवेळी ज्यांनी हरभऱ्याच्या बियाण्यात मूठभर ज्वारी मिसळली होती, त्यांच्या वावरात जिवंत थांबे आत्ता उभे असतील. ते उपटू नका.

आता मोजणीचं. एकरी २ कामगंध सापळे, पिकापेक्षा फूटभर उंच, आत घाटे अळीचा हेलील्यूर, म्हणजे मादी पतंगाच्या वासाचं आमिष. सलग दोन-तीन दिवस एका सापळ्यात ८ ते १० पतंग आले, किंवा मीटरभर ओळीत १ ते २ अळ्या सापडल्या, किंवा शंभरात ५ घाटे पोखरलेले दिसले, तरच फवारणीचा विचार करायचा. शेजाऱ्याच्या पंपाचा आवाज ऐकून नाही. अळ्या मोजायला ओळीखाली पांढरं कापड धरून झाडं हलवा, खाली पडतात.

फुलोऱ्याच्या सुरुवातीला ५ टक्के निंबोळी अर्क. ५ किलो निंबोळी कुटून रात्रभर १० लिटर पाण्यात भिजवा, सकाळी फडक्यातून पिळून गाळा, २०० ग्रॅम साबणाचं पाणी त्यात घाला आणि एकूण १०० लिटर करा. त्यानंतर अळ्या लहान असतानाच एचएएनपीव्ही हा घाटे अळीला रोग लावणारा विषाणू, हेक्टरी ५०० एलई (हे विषाणूच्या मात्रेचं माप). उन्हात तो मरतो, म्हणून फवारणी सायंकाळी आणि द्रावणात थोडी नीळ. रोगी अळी झाडाच्या शेंड्यावर चढते आणि डोकं खाली करून लोंबकळत मरते, अंग फुटून पाणी गळतं. मला या उपायात सगळ्यात आवडतं ते हे की ही रोगट अळी पक्ष्यानं खाल्ली तरी त्याला काही होत नाही, आणि विषाणू विष्ठेतून जिवंत बाहेर पडतो. म्हणजे थांब्यावर बसणारा कोतवाल फुकटात तुमची फवारणी करत फिरतो. रासायनिक औषध घ्यायची वेळ आलीच, तर लेबलवर हरभरा आणि घाटे अळी लिहिलेलं आहे ना ते वाचून, तेवढ्याच मात्रेत. दोन-तीन औषधं एकत्र कालवू नका.

करडई आणि गव्हात गोष्ट वेगळी आहे. तिथे आंब नाही, मावा ही रस शोषणारी बारीक कीड आहे, आणि माव्यावर ढालकिडा तुटून पडतो. लाल पाठीचा, काळ्या ठिपक्यांचा मोठा किडा सगळे ओळखतात. घात होतो त्याच्या अळीचा. ती इवल्या मगरीसारखी दिसते, राखाडी-काळी, अंगावर नारिंगी ठिपके. नवीनच कीड आली म्हणून तिचा फोटो घेऊन लोक दुकानात जातात आणि औषध घेऊन येतात. मोठा किडा दिवसाला चाळीस-पन्नास मावा खातो, अळीही मागे नसते. शिवाय बारीक केसासारख्या दांड्यावर पांढरं अंडं तोललेलं दिसलं तर ते क्रायसोपा या मावा खाणाऱ्या मित्रकीटकाचं. करडईत मावा धुऱ्याकडच्या ओळींवर आधी येतो. तिथल्या बहुतेक शेंड्यांवर या मगरी दिसत असतील, तर मी दोन-तीन दिवस थांबतो आणि पुन्हा बघतो. घाईनं फवारलं तर मावा आणि ढालकिडा दोन्ही मरतात. मावा आठवड्या-दहा दिवसांत पुन्हा पिल्लं घालायला लागतो, ढालकिड्याची पुढची पिढी यायला महिना लागतो. मधल्या काळात पीक माव्याच्या तावडीत सापडतं.

कोळ्यांचंही एक सांगतो. हरभऱ्याच्या तासात जमिनीवर पळणारा आठ पायांचा कोळी शिकारी आहे, पानाखालचा लाल कोळी कीड आहे. नाव एक, धंदे वेगळे. दुकानातलं कोळीनाशक दुसऱ्यासाठी असतं.

खरीप निघाल्यावर उंदीर गव्हा-हरभऱ्यात शिरले असतील. गव्हाणी घुबड एका रात्रीत दोन-तीन उंदीर सहज उचलतं, धामण बिळातच शिरते, दोघांनाही मारू नका. घुबडासाठी माणसाहून उंच दोन-तीन मजबूत थांबे वेगळे लावा. विषाचं आमिष टाकायचंच असेल तर आधी संध्याकाळी सगळी बिळं बुजवा, सकाळी जी उघडलेली दिसतील तीच जिवंत. आमिष तेवढ्याच बिळांत खोल सरकवून तोंड बुजवा, उघड्यावर नको. मेलेले उंदीर रोज गोळा करून पुरा, नाहीतर ते खाऊन घुबडही जातं आणि घरचं कुत्रंही.

घाटे पिवळे पडायला लागले की हरभऱ्यातले सगळे थांबे काढून घ्या. तेव्हा अळीचं काम संपलेलं असतं आणि रिकाम्या काठ्यांवर पोपट येऊन बसतात, ते घाटे सोलून खातात. काठ्या धुऱ्यावर टाकल्या तर वाळवी लागते, गोठ्याच्या आढ्याला बांधून ठेवा. पुढच्या खरिपात तूर फुलावर आली की त्याच लागतील, फक्त तुरीला उंची जास्त हवी.