ऊसपट्ट्यातला नत्र-स्फुरद-पालाश मोजायला निघालात? पीएचडीत या चुका टाळा

प्रेसमड म्हणजे साखर कारखान्यात उसाचा रस गाळल्यावर उरणारा गाळ. त्याच्या दहा टनी ट्रकमध्ये स्फुरद, म्हणजे फॉस्फरस, किती? पहिल्या सहामाही अहवालात मी ठोकून दिलं होतं, २०० किलो. प्रेसमडमध्ये साधारण २ टक्के स्फुरद, दहा टनांचे २ टक्के म्हणजे २०० किलो. डीएपी या रासायनिक खताच्या एका गोणीत दहा किलो धरला की ट्रकमागे २० गोण्या वाचल्या! समितीतल्या मृदाशास्त्राच्या सरांनी चष्मा कपाळावर सरकवला आणि एवढंच विचारलं, "ओला का वाळलेला?" मी गप्प. मग म्हणाले, "बरं, आणि स्फुरद म्हणजे नेमका कोणता?"

या दोन प्रश्नांत माझं अख्खं प्रकरण बुडालं. गाळप चालू असताना बाहेर पडणाऱ्या प्रेसमडमध्ये ७० टक्क्यांच्या आसपास पाणी असतं, म्हणजे दहा टनांत वाळलेला माल तीनच टन. ते २ टक्के या वाळलेल्या मालाचे. झाले ६० किलो. शिवाय हे ६० किलो 'पी२ओ५' या ऑक्साइडच्या रूपात. मूलद्रव्य हवं असेल तर ०.४३६ ने गुणायचं, म्हणजे २६ किलो. गोणीतले दहा किलो मात्र मी मूलद्रव्याचे धरले होते. डीएपीच्या गोणीवर १८:४६ छापलेलं असतं, त्यातले ४६ टक्केही पी२ओ५च. ५० किलोच्या गोणीत ते २३ किलो आणि मूलद्रव्य दहा किलो. तर २० गोण्यांच्या राहिल्या अडीच. साडेसात पटीची चूक, आणि तीही साध्या गुणाकारातली.

प्रादेशिक अन्नद्रव्य-पुनर्वापर आणि चक्रीय जैवअर्थव्यवस्था या विषयावर पीएचडी करणारी मुलं आता बरीच दिसतात. त्यांची प्रकरणं वाचताना मला माझाच जुना अहवाल पुन्हा भेटतो. कोल्हापूर-सांगलीच्या ऊसपट्ट्यात काम केलेल्या माणसाच्या चष्म्यातून पुढचं लिहितो आहे.

शब्दच फसवतात

मराठीत काम करणाऱ्यांसाठी एक जादा खड्डा आहे. कृषी विद्यापीठाच्या शिफारशीत 'स्फुरद' आणि 'पालाश' लिहिलेलं असतं ते पी२ओ५ आणि के२ओ. परदेशी शोधनिबंधात 'फॉस्फरस' असतो तो बहुतेकदा मूलद्रव्य. आपण दोन्हीकडचे आकडे उचलतो आणि एकाच तक्त्यात शेजारी बसवतो. पालाशचा गुणक ०.८३ असल्यामुळे तिथली चूक फारशी डोळ्यांवर येत नाही, स्फुरदात निम्म्याहून जास्त फरक पडतो. तक्त्याच्या प्रत्येक रकान्यावर रूप लिहा. कंटाळा येतो, तरी लिहा.

दुसरा शब्द 'मळी'. बातमीत 'बी हेवी मळीपासून इथेनॉल' येतं तेव्हा मळी म्हणजे मोलॅसिस. शेतकरी "मळी टाकली दोन ट्रॉल्या" म्हणतो तेव्हा त्याच्या डोळ्यांसमोर असतो प्रेसमड. एका प्रश्नावलीत 'मळी वापरता का?' असा प्रश्न होता. निम्म्या गावांत एक अर्थ घेतला गेला, निम्म्या गावांत दुसरा, आणि विद्यार्थ्याने सरासरी काढली! त्यानंतर मी मुलाखतीला जाताना प्लास्टिकच्या डबीत थोडा वाळलेला प्रेसमड घेऊन जायचो. डबी पुढे केली की वाद मिटतो.

'चार ट्रॉल्या' म्हणजे किती?

शेणखत किलोत कुणीच मोजत नाही. ट्रॉली, डंपर, ब्रास, कुठे अजून बैलगाडी. ब्रास म्हणजे १०० घनफूट, २.८३ घनमीटर, एवढं ठरलेलं. पण उकिरड्याच्या तळातलं कुजलेलं खत आणि वरचं पेंढा-मिश्रित खत यांचं वजन एका ब्रासला सारखं भरत नाही. गावातल्या दोन-तीन ट्रॉल्या वजनकाट्यावर भरलेल्या आणि रिकाम्या तोलून घ्या. काटेवाला पावती देतो, ती परिशिष्टात लावा. माझ्या प्रबंधातलं सगळ्यात कमी शास्त्रीय दिसणारं पान तेच होतं आणि तोंडी परीक्षेत त्यावर एकही आक्षेप आला नाही.

"दरवर्षी किती टाकता?" हा प्रश्नच चुकीचा आहे. शेणखत पडतं लागणीच्या आधी. खोडव्याला (तोडणीनंतर बुडख्यातून पुन्हा फुटलेल्या उसाला) क्वचित, निडव्याला (खोडव्यानंतरच्या फुटव्याला) जवळजवळ नाहीच. गेल्या वर्षी टाकलेल्या चार ट्रॉल्या पुढच्या दोन-तीन वर्षांच्या असतात. तेव्हा "या रानात शेवटचं खत कधी पडलं, आणि त्याच्या आधी कधी?" असं विचारावं.

रासायनिक खताच्या बाबतीतही हेच. आडसाली उसाची शिफारस हेक्टरी ४००:१७०:१७० किलो (नत्र:स्फुरद:पालाश), कमी मुदतीच्या सुरू उसाची २५०:११५:११५. आडसाली रानात उभा असतो दीड वर्ष. त्याचे ४०० किलो नत्र एका वर्षाच्या रकान्यात टाकले की तालुका कागदावर नत्रात पोहायला लागतो. १८ महिने धरले तर वर्षाचे २६७ किलो होतात. आणि शेतकरी एकराचं बोलतो, शिफारस हेक्टरची असते, २.४७ चा गुणक विसरलेले प्रबंधही मी पाहिले आहेत. असो.

जिल्ह्याची रेषा उसाला माहीत नसते

इथे जरा थांबतो, कारण सगळ्यात जास्त प्रबंध इथेच लंगडतात.

आकडेवारी तालुका-जिल्ह्याची मिळते म्हणून अभ्यासक्षेत्रही जिल्हा ठरतं. पण शिरोळ-कागलच्या सीमेवरचा ऊस कधी इकडच्या कारखान्याला जातो, कधी चिकोडी-बेळगाव बाजूच्या. त्याच्याबरोबर त्यातला पालाशही राज्य ओलांडतो, आणि प्रेसमड परत येताना ज्याचा ऊस त्याच्याच रानात येईल असं काही नाही. तो पडतो कारखान्याच्या जवळच्या रानात, कारण ७० टक्के पाणी तीस-चाळीस किलोमीटर वाहून नेणं कुणालाच परवडत नाही. दहा टनांच्या ट्रकमधलं सात टन भाडं पाण्याचंच. त्यामुळे जिल्ह्याची सरासरी 'समतोल' दाखवते, आणि प्रत्यक्षात कारखान्याभोवतीची राने स्फुरदाने लदलेली तर टोकाची राने उपाशी. माझा पहिला नकाशा असाच छान हिरवागार होता. कारखान्यापासूनच्या अंतरानुसार पट्टे पाडले तेव्हा तो फाटला.

बैलांचं तर वेगळंच. दिवाळीच्या सुमारास बीड आणि आसपासच्या भागातून ऊसतोड कामगार कोल्हापूर-सांगलीकडे येतात. आता ट्रॅक्टरच्या टोळ्या वाढल्या, तरी बैलगाड्या संपलेल्या नाहीत. हे बैल चार-पाच महिने फडातले वाढे (उसाचे हिरवे शेंडे) खातात आणि शेण इथेच टाकतात. पशुगणना जनावर मोजते एकदा, एका जागी. बीडचा हिशोब करणारा बारा महिन्यांचं शेण बीडला जमा करतो, कोल्हापूरचा हिशोब करणारा या बैलांना मोजतच नाही, आणि वाढे तर बहुतेकांच्या आकृतीत नसतातच. मी एका अड्ड्यावर सकाळी सहा वाजता शेण गोळा करणारी मावशी पाहिली तेव्हा हा प्रवाह पहिल्यांदा लक्षात आला. ती त्याच्या गोवऱ्या थापायची, म्हणजे त्यातला नत्र शेवटी धुरात.

मेंढरांचंही तसंच. फलटण-माणकडचे धनगर पावसाळ्यानंतर कोकणाच्या बाजूने उतरतात. वाटेत शेतकरी लेंडीखतासाठी धान्य किंवा पैसे देऊन रात्री रानात मेंढरं बसवून घेतात. अन्नद्रव्याचा हा प्रादेशिक व्यापार कितीतरी जुना आहे, त्याचा भाव ठरतो, बोली होते, आणि 'चक्रीय अर्थव्यवस्था' या मथळ्याखालच्या आकृतीत त्याला एक बाणसुद्धा मिळत नाही.

तिसरी गळती पेंडीची. सरकी पेंड विदर्भ-खानदेशातून येते आणि गोठ्यातून शेणावाटे ऊसपट्ट्यात उतरते. उलट एक लाख लिटर दूध मुंबई-पुण्याला गेलं की पाचशे किलोच्या पुढे नत्र जिल्ह्याबाहेर गेला. हे दोन बाण काढल्याशिवाय जनावरांचा भाग पुराच होत नाही.

साखर काहीच नेत नाही, मग जातं कुठे?

साखरेत कार्बन, हायड्रोजन, ऑक्सिजन. इथेनॉलमध्येही तेच तिघे. म्हणजे उसापासून झालेला हा माल विकला जातो त्याबरोबर नत्र-स्फुरद-पालाश जवळजवळ जातच नाही. स्फुरद मुख्यत: प्रेसमडमध्ये अडकतो, पालाश मळीतून (इथे मोलॅसिस) स्पेंटवॉशमध्ये, म्हणजे आसवनीच्या सांडपाण्यात, उतरतो, काही भाग बगॅसच्या (उसाच्या चोथ्याच्या) राखेत राहतो. तुमच्या ताळेबंदात 'निर्यात' या नावाखाली पालाशचा मोठा आकडा दिसत असेल तर आधी तो तपासा. तो बहुधा चुकलेला असतो, नाहीतर तो पालाश राखेच्या रूपात खत कंपनीकडे चाललेला असतो. आसवनीचा स्पेंटवॉश जाळून उरलेल्या राखेपासून होणाऱ्या पीडीएम (मोलॅसिसपासूनचा पोटॅश) या खतात किमान १४.५ टक्के पालाश लागतो आणि ते अनुदानाच्या यादीतही आहे. पूर्वी जवळच्या रानात परतणारा पालाश आता गोणीत भरून कुठेही जाऊ शकतो. देशाला ते बरंच, कारण आपला पोटॅश जवळजवळ सगळा आयात होतो. तुमच्या 'प्रदेशा'साठी मात्र ती निर्यात झाली. हे प्रबंधात उघडपणे लिहावं लागतं, नाहीतर परीक्षक लिहितो.

पाचटाचं, म्हणजे उसाच्या वाळलेल्या पाल्याचं, थोडक्यात. हेक्टरी ८ ते १० टन पाचट, त्यात अर्ध्या टक्क्याच्या आत नत्र. पेटवलं की तो नत्र जवळजवळ सगळा उडतो, स्फुरद-पालाश बराचसा राखेत राहतो. तेव्हा 'पाचट जाळल्याने तिन्ही अन्नद्रव्ये नष्ट' असं वाक्य दिसलं की खोडा.

जे आधीच वापरात आहे त्याला 'कचरा' म्हणणं

जिल्ह्यातली जनावरं गुणिले रोजचं शेण, त्यातून इतका बायोगॅस, इतकं खत. प्रस्तावात हे आकडे फार गोड दिसतात. पण त्या शेणाला आधीच मालक आहे, उकिरडा आहे, गोवऱ्या आहेत. प्रेसमडही फुकट उरलेला नाही. २०१८ च्या केंद्राच्या 'सतत' (SATAT) योजनेनंतर सीबीजी (दाबयुक्त बायोगॅस) प्रकल्प तो विकत घेऊ लागले, म्हणजे शेतकऱ्याला तो महागला किंवा मिळेनासा झाला. तिथून बाहेर पडणाऱ्या आंबवलेल्या सेंद्रिय खताला २०२३ मध्ये टनामागे १५०० रुपयांचं विपणन साहाय्य मंजूर झालं, पण ते परत त्याच गावात येतं का, हा तुमच्या संशोधनाचा प्रश्न असायला हवा, गृहीतक नव्हे. जीवनचक्र मूल्यांकनातही (एखाद्या मालाचा सुरुवातीपासून शेवटपर्यंतचा पर्यावरणावरचा भार मोजण्यात) हीच गोम आहे. कचरा मानला तर प्रेसमडवर पर्यावरणाचा भार शून्य, विकाऊ माल मानला तर उसाच्या भारातला वाटा त्याच्या माथी. कोणतं धरलं ते पहिल्या पानावर सांगा आणि दुसरं धरून एकदा गणित करून पाहा. आणखी एक: शेण बायोगॅसला आणि स्लरी शेताला, असे दोन्ही आकडे बेरजेत घेऊ नका. ते एकच नत्र आहे.

नमुना, प्रयोगशाळा, सॉफ्टवेअर

ताजं शेण किंवा स्लरी १०५ अंशांना वाळवून मग त्यातला नत्र काढला तर अमोनिया भट्टीतच उडून गेलेला असतो. ओलाव्यासाठी वेगळा नमुना, नत्रासाठी ताजा, घट्ट बंद आणि थंड ठेवलेला. माझी एक अख्खी तुकडी एसटीच्या डिकीत दुपारभर तापली होती, ती टाकून द्यावी लागली.

एकूण स्फुरद आणि उपलब्ध स्फुरद एकाच बेरजेत मिसळू नका. उपलब्ध स्फुरद मोजायला आपल्या चुनखडीयुक्त काळ्या जमिनीत ऑल्सेन पद्धत, कोकणच्या आम्लधर्मी जांभ्यात ब्रे पद्धत. दोन्हीकडचे आकडे एकाच रंगपट्टीवर दाखवले तर नकाशाला अर्थ उरत नाही. सांडपाण्यातून मिळणाऱ्या स्ट्रुव्हाइट या स्फुरदयुक्त खनिजाबद्दल युरोपातले उत्साही निष्कर्ष उचलतानाही जमिनीचा सामू (पीएच) आधी पाहा. विम्लधर्मी (अल्कधर्मी) रानात ते सावकाश विरघळतं.

व्हिएन्नाच्या तांत्रिक विद्यापीठाचं 'स्टॅन' हे पदार्थांच्या प्रवाहांचा ताळेबंद मांडणारं सॉफ्टवेअर फुकट मिळतं आणि चांगलं आहे. पण प्रत्येक प्रवाहाला अंदाजाने २० टक्के अनिश्चितता दिली की ते आकडे इकडेतिकडे सरकवून ताळा जुळवून देतं. जुळलेला ताळा पाहून विद्यार्थी खूश होतो. जुळवण्याआधीचे आणि नंतरचे आकडे शेजारी छापा. एखादा प्रवाह तिप्पट सरकला असेल तर तिथे मोजमाप चुकलं आहे.

ताळा जुळतच नसेल, तर माझा तपासण्याचा क्रम असा: ओलं-वाळलेलं, मग पी२ओ५ की मूलद्रव्य, मग एकर-हेक्टर, मग आडसालीचे महिने, आणि त्यानंतर सीमेवरून गेलेला माल. पहिल्या चारांत अर्धा दिवस जातो. पाचव्याला काट्यावर जाऊन बसावं लागतं. गाळप सुरू असताना रात्रपाळीच्या काटा-क्लार्कला चहा पाजला की कोणती गाडी कुठून आली आणि प्रेसमड भरून कुठे गेली, हे तो वहीत न पाहताच सांगतो. उरलेली तूट 'जमिनीत साठा' या डब्यात ढकलायचा मोह होईल. मीही ढकलली होती, आणि सरांनी पुन्हा चष्मा कपाळावर सरकवला होता.