हलक्या किट कारचं कार्पेट आणि आवाजरोधक थर कसा बदलावा

लोटस सेव्हन ही हलकी, उघडी ब्रिटिश गाडी १९५७ साली बाजारात आली, तेव्हा तिच्यात आवाज अडवणारं असं जवळजवळ काहीच नव्हतं. स्टीलच्या नळ्यांचा सांगाडा, त्यावर रिव्हेटनं बसवलेले ॲल्युमिनियमचे पत्रे, आणि दोन सीटांच्या मधल्या बोगद्यात गिअरबॉक्स. सुट्या भागांचा संच, म्हणजे किट, घेऊन गाडी घरी जोडली की ब्रिटनमध्ये परचेस टॅक्स वाचायचा, त्यामुळे कितीतरी सेव्हन लोकांच्या गॅरेजातच उभ्या राहिल्या. १९७३ मध्ये व्हॅट आला आणि ती सवलत गेली. त्याच वर्षी गाडीचे हक्क कॅटरहॅम या कंपनीकडे गेले, आणि सेव्हन आजही बनते. वेस्टफील्डसारख्या त्याच वळणाच्या किट कारही इंग्लंडात भरपूर दिसतात. आमच्या इथल्या मराठी मंडळींतही अशी गाडी बाळगणारे आहेत, आणि जुनी गाडी घेतली की सगळ्यांत आधी डोळ्यांत भरतं ते ओलसर, वास मारणारं, कडा सुटलेलं कार्पेट.

ते बदलणं घरच्या घरी जमणारं काम आहे. फक्त साध्या कारसाठी सांगितलेली पद्धत इथे जशीच्या तशी वापरू नका. या गाड्यांचं वजन साधारण ५०० ते ६०० किलो असतं. २०२१ साली आलेली सेव्हन १७० तर ४४० किलोची आहे. आता हिशेब करा. आतला पृष्ठभाग तीन चौरस मीटर धरला आणि सगळीकडे २ मिमीचं ब्यूटाइल शीट (पत्र्याचं थरथरणं शोषणारं चिकट रबरी शीट) लावलं, तर चौरस मीटरला सुमारे ३ किलो या दरानं ९ किलो झाले. त्यावर चौरस मीटरला ५ किलोचा जड विनाइल थर टाकला की आणखी १५. म्हणजे कार्पेट पडायच्या आधीच २४ किलो! एवढे पैसे मोजून हलकी गाडी घ्यायची आणि तिच्यात रबर भरायचं, हे मला पटत नाही. नेमक्या जागी थोडंच लावलं तर दोन-अडीच किलोत चांगला फरक पडतो.

कोणता आवाज कमी होईल, कोणता नाही

उघड्या गाडीत वेग वाढला की वाऱ्याचा आवाज बाकी सगळ्यांवर मात करतो. त्याला कार्पेटखालचं काहीही थांबवू शकत नाही. मोटरवेवर जायचं असेल तर कानांत इअरप्लग घाला, तोच खरा उपाय. आपल्या हातात आहे ते पत्र्यांचं थरथरणं, बोगद्यातून येणारी गिअरबॉक्सची कुरकुर, तळाला आपटणारे खडे आणि फायरवॉलच्या (इंजिन आणि बसायची जागा यांमधल्या पत्र्याच्या) भोकांतून आत शिरणारा इंजिनचा आवाज.

आधी सगळं बाहेर

बॅटरीची ऋण बाजूची तार काढा. मग सीट, सीटचे रूळ, हँडब्रेकचं आणि गिअरच्या दांड्याचं कव्हर काढा. सीटबेल्टचे बोल्ट, त्यांचे वॉशर आणि स्पेसर कोणत्या क्रमानं बसले होते त्याचा फोटो काढून ठेवा, आणि प्रत्येक जागचे बोल्ट वेगळ्या पिशवीत नाव लिहून ठेवा.

कार्पेट ओढून फाडू नका. सावकाश सोलत काढलं तर तुकडे अखंड निघतात, आणि पुढे तेच फर्मा म्हणून उपयोगी पडतात. काढलेलं सगळं बॅगा मोजायच्या काट्यावर टांगून वजन लिहून ठेवा. भारतवारी करणाऱ्या प्रत्येक घरात तो काटा असतोच. खाली जुनं नमद्यासारखं अस्तर असेल तर आकडा पाहून चकित व्हाल, कारण ते पावसाचं पाणी महिनोन्‌महिने धरून बसतं.

उरलेला जुना गोंद प्लास्टिकच्या पातीनं खरवडा, राहिलेला व्हाइट स्पिरिटनं पुसा. ॲल्युमिनियमवर स्टीलचा वायरब्रश चालवू नका. लोखंडाचे बारीक कण पत्र्यात रुततात आणि तिथूनच पत्रा खराब होऊ लागतो. शेवटचा हात आयसोप्रोपिल अल्कोहोलचा. गॅरेजचं दार उघडं ठेवा, या वाफा डोक्यात जातात.

आता तळ नीट बघा. ॲल्युमिनियमचा पत्रा स्टीलच्या नळीला जिथे टेकतो तिथे ओल राहिली, आणि त्यात इथल्या हिवाळ्यात रस्त्यावर टाकतात ते मीठ मिसळलं, की दोन धातूंमध्ये विद्युत-रासायनिक झीज सुरू होते. पत्र्याच्या कडेला पांढरी भुकटी, रिव्हेटभोवती फुगवटा, नळीवर तांबूस डाग ही तिची लक्षणं. सीटबेल्टच्या बोल्टांभोवती तर विशेष लक्ष द्या. एमओटी या ब्रिटनमधल्या गाड्यांच्या सक्तीच्या तपासणीत बेल्टच्या जोडापासून ३० सेंमीच्या आतला गंज मोजला जातो. वरवरचा गंज घासून, गंजरोधक प्रायमर आणि रंग लावून थांबवता येतो. नळी टोचून आत जात असेल तर कार्पेटचा बेत बाजूला ठेवा आणि वेल्डिंगवाला गाठा.

भोकं बुजवा

हे काम सगळ्यांत स्वस्त आहे आणि सर्वांत जास्त गुण देतं, तरी बहुतेक लोक ते गाळतात. आवाज हवेबरोबर येतो. फायरवॉलमध्ये वायरिंग, हीटरचे पाइप आणि केबलसाठी पाडलेली भोकं उघडी असतील तर बाकी पत्र्यावर कितीही थर चढवा, आवाज त्या वाटेनं येणारच. अंधारात इंजिनच्या बाजूनं टॉर्च मारा आणि आतून बघा: जिथे उजेड दिसेल तिथून आवाज, उष्णता आणि धूर तिन्ही आत येतात. प्रत्येक वायरीला मापाचं रबरी ग्रोमेट (भोकाच्या कडेला बसणारी कडी) घाला, रिकाम्या भोकांना रबरी बूच. पत्र्यांच्या सांध्यात फट असेल तर सीम सीलर (सांधे बुजवायचा लेप) भरा. तळाला पाणी निघून जायची भोकं असतील तर ती मात्र मोकळीच राहू द्या.

पत्रा वाजवून ब्यूटाइल लावा

बोटाच्या पेरानं पत्रा ठोका. मोठ्या सपाट पत्र्याच्या मध्यावर ‘टण्ण’ असा लांबणारा आवाज येईल. नळीच्या जवळ ठोकलं तर नुसतं ‘ठक’. जिथे ‘टण्ण’ वाजतं तिथे खडूनं फुली मारा. देवळातल्या घंटेवर तळहात ठेवला की तिचा नाद बसतो, ब्यूटाइलचं काम तेवढंच आहे. ते आवाज अडवत नाही, पत्र्याचं थरथरणं शोषतं. त्यामुळे पूर्ण पत्रा झाकायची गरज नसते. मध्यभागी पाव ते तिसरा हिस्सा झाकला की बहुतेक फायदा मिळतो.

वर ॲल्युमिनियमची फॉइल असलेलंच ब्यूटाइल घ्या. छपरासाठी मिळणारी डांबराची स्वस्त पट्टी गरम बोगद्यावर मऊ पडते आणि तिचा वास जात नाही. इथल्या थंडीत शीट ताठ असतं, म्हणून हीट गननं कोमट करा, एका कडेपासून चिकटवत जा आणि छोट्या रोलरनं दाबा. फॉइलवरची नक्षी सपाट झाली की नीट बसलं समजा. हातमोजे हवेतच, फॉइलची कड ब्लेडसारखी कापते. एक तुकडा बसवला की पुन्हा ठोका. ‘टण्ण’चं ‘ठक’ झालं असेल तर तिथे आणखी लावू नका.

फायबरग्लासचा भाग असेल तर तो ॲल्युमिनियमसारखा खणखणत नाही, घुमतो. तिथेही हीच पद्धत चालते, पण गोंद आणि सॉल्व्हंट आधी दिसणार नाही अशा कोपऱ्यात लावून पाहा.

फोम

ब्यूटाइलवर ३ ते ६ मिमीचा बंद पेशींचा फोम. हा शब्द दुकानात आवर्जून विचारा. उघड्या पेशींचा फोम, म्हणजे उशीत असतो तसा, पाणी पितो आणि पत्रा कायम ओला ठेवतो. बंद पेशींचा फोम पाणी धरत नाही आणि वजनाला नगण्य असतो. घरगुती पॅकिंगचा फोम मात्र वापरू नका. गाडीच्या आतल्या साहित्याला जळण्याच्या वेगाची मर्यादा असते. अमेरिकेच्या एफएमव्हीएसएस ३०२ मानकात ती मिनिटाला १०२ मिमी आहे. हे किंवा आयएसओ ३७९५ लेबलवर दिसलं तरच साहित्य घ्या. बोगद्याच्या आणि एक्झॉस्टच्या बाजूला आतून ॲल्युमिनियम चढवलेलं उष्णतारोधक शीट लावा, नाहीतर उन्हाळ्यात पोटरी भाजते.

कार्पेट कापणं आणि बसवणं

लोकर दिसायला देखणी, पण या गाडीत पाणी येणार हे गृहीत धरूनच चालावं. म्हणून पॉलिप्रॉपिलीनचं, ताणलं जाणारं गाडीचं कार्पेट घ्या. जाड कागदावर फर्मे काढा, जुन्या तुकड्यांशी ताडून बघा आणि प्रत्येकावर ‘वरची बाजू’, ‘पुढे’ असं लिहा. कार्पेट मागच्या बाजूनं कापायचं असतं, त्यामुळे फर्मा उलटा ठेवून आखा. हे विसरलं की डावीकडचा तुकडा उजवीकडचा होऊन बसतो. सगळ्या तुकड्यांची लव एकाच दिशेला ठेवा, नाहीतर एकाच रोलचं कापड दोन रंगांचं दिसतं. सांध्यांपाशी १०–१५ मिमी जास्त ठेवा, आधी बोगद्यावर नुसतं अंथरून पाहा, मगच छाटा.

क्रम असा: फायरवॉल, बोगदा, बाजू आणि शेवटी तळ. उभ्या भागांना उष्णता सहन करणारा स्प्रे गोंद. साधा गोंद बोगद्याच्या उष्णतेनं सुटतो. दोन्ही पृष्ठभागांवर मारा, बोटाला लागेनासा होईपर्यंत थांबा, मग मध्यापासून कडेकडे दाबत न्या. वळणावर सुरकुती आली तर मागून हीट गननं हलकं ऊब देऊन ताणा.

तळाचा तुकडा मात्र चिकटवायचा नाही. त्याला टिचबटणं किंवा वेल्क्रो लावा, म्हणजे पावसात भिजल्यावर काढून वाळत टाकता येतो. कडा शिवून घ्यायचं काम जवळच्या कुशनवाल्याला द्या. घरच्या शिलाई मशिनची सुई एवढ्या जाडीत मोडते.

दोन ठिकाणी कसलीही तडजोड नको. सीटबेल्टच्या आणि सीटच्या बोल्टाखाली कार्पेट, फोम किंवा ब्यूटाइल यांचा कणही राहता कामा नये. मऊ थर दबत जातो, बोल्ट सैल पडतो. तिथे मोठं गोल भोक कापा, धातूला धातू टेकू द्या आणि बोल्ट मॅन्युअलमधल्या टॉर्कनं आवळा. दुसरी जागा पेडलची. या गाड्यांत पायाची जागा इतकी अरुंद असते की ५ मिमीची जाडीही क्लच पूर्ण दाबू देत नाही, आणि सैल कड ॲक्सिलरेटरखाली अडकू शकते. पेडलच्या आसपासचा पत्रा उघडाच ठेवा. बसवून झाल्यावर आपले नेहमीचे बूट घालून, गाडी बंद असताना, तिन्ही पेडल तळापर्यंत दाबून पाहा आणि ॲक्सिलरेटर स्वतःहून परत येतो ना ते बघा.

शेवटी नवं साहित्य किती किलोचं झालं ते जुन्या आकड्याशी ताडून पाहा. मग गिअरबॉक्स चांगला तापेल एवढी एक फेरी मारा आणि गाडी उभी केल्याबरोबर बोगद्यावरच्या कडांवरून हात फिरवा. सुटायची असेल ती कड तेव्हाच सुटते, आणि गोंद गरम असताना दाबली तर पुन्हा बसते. पहिला जोरदार पाऊस झाला की तळाचे तुकडे उचलून खालचा पत्रा कोरडा आहे का बघा. ओल दिसली तर ती कुठल्या सांध्यातून आली ते त्याच दिवशी शोधा. वाळल्यावर माग लागत नाही.