कर्नल अपग्रेडनंतर फाइलसिस्टम बोंबलली? आधी हात आवरा

लिनक्सचा कर्नल (म्हणजे सिस्टमचा गाभा) अपग्रेड केला आणि फाइलसिस्टम, म्हणजे डिस्कवर फायली मांडून ठेवणारी व्यवस्था, कुरकुरू लागली, त्या वेळेसाठी हे. लाइव्ह यूएसबी (आतल्या डिस्कशिवाय जिच्यावरून लिनक्स सुरू होतं ती) हाताशी आहे असं धरून चालतो. नसेल तर दुसऱ्या मशीनवर बनवून या.

मशीन सुरू होताना येणाऱ्या ग्रब मेनूच्या 'अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स'मधून जुना कर्नल निवडा. नव्यावर 'अनएबल टू माउंट रूट एफएस' (मुख्य फाइलसिस्टम जोडता येत नाही) येत होतं आणि जुन्यावर सगळं सुरळीत असेल, तर फाइलसिस्टमच्या वाटेला जाऊ नका. बहुधा बूट पार्टिशन भरलेलं असतं आणि नव्या कर्नलची इनिटरॅमएफएस (सुरुवातीला मेमरीत चढणारी छोटी फाइलसिस्टम) तयारच झालेली नसते. चालू कर्नल सोडून बाकीचे जुने काढा, उबुंटू-डेबियनवर नव्या आवृत्तीसाठी अपडेट-इनिटरॅमएफएस आणि मग अपडेट-ग्रब चालवा. झालं.

पण 'ईएक्सटी४-एफएस एरर' (ईएक्सटी४ ही लिनक्सची नेहमीची फाइलसिस्टम) दिसतेय, डिस्क आपोआप रीड-ओन्ली होतेय, तर मामला वेगळा. इथेच कुणीतरी सांगतं, "एफएससीके हायफन वाय मार, भिया." मी मारला होता. इंदूरला, रामबागेत, मावशीच्या डेस्कटॉपवर. ती पोह्यांची बशी पुढ्यात ठेवून विचारत होती, "अरे, गणपतीचे फोटो आहेत ना त्यात?" मी म्हटलं, दोन मिनिटं.

एफएससीके म्हणजे फाइलसिस्टम तपासून दुरुस्त करणारी कमांड, आणि हायफन वाय म्हणजे तिच्या प्रत्येक प्रश्नाला डोळे मिटून 'हो'. एखादा ब्लॉक वाचता आला नाही की ई२एफएससीके (ईएक्सटी४ साठीचा एफएससीके) विचारतो: चूक सोडून देऊ? ब्लॉक जबरदस्तीनं पुन्हा लिहू? माझ्या वतीनं दोन्हींना 'हो' गेलं. जे वाचलंच गेलं नव्हतं त्यावर भलतंच लिहिलं गेलं, आणि उरलेले फोटो लॉस्ट+फाउंडमध्ये #१३१०७४ असल्या आकड्यांची नावं घेऊन पडले. दोष होता डिस्क जोडणाऱ्या सैल साटा केबलचा. महिनोन् महिने चालू असलेलं मशीन अपग्रेडसाठी रीबूट झालं, म्हणून दुखणं त्या दिवशी बाहेर आलं एवढंच.

म्हणून दुरुस्तीआधी लाइव्ह यूएसबीवरून स्मार्टसीटीएल, म्हणजे डिस्कची तब्येत सांगणारी कमांड. 'करंट पेंडिंग सेक्टर' शून्य नसेल तर डिस्क जातेय. 'यूडीएमए सीआरसी एरर' वाढत असेल तर केबल बदला. मग डीडीरेस्क्यूनं अख्ख्या डिस्कची प्रत दुसऱ्या डिस्कवर घ्या. वेळ लागतो, लागू द्या. त्यानंतर प्रतीवर ई२एफएससीके हायफन एन. हा फक्त बघतो, लिहीत नाही. माउंट असलेल्या पार्टिशनवर दुरुस्ती कधीही नाही, कुणी काहीही सांगो. प्रतीवरचा निकाल पटला तरच मूळ डिस्कवर, तेही प्रश्न वाचून. सुपरब्लॉकच (फाइलसिस्टमची मूळ माहिती ठेवणारा ब्लॉक) गेला असेल तर ४ केबी ब्लॉकच्या फाइलसिस्टममध्ये राखीव प्रत सहसा ३२७६८ वर सापडते.

ईएक्सटी४ ऐवजी एक्सएफएस ही फाइलसिस्टम असेल तर साधा एफएससीके काहीच करत नाही. एक्सएफएस_रिपेअर हायफन एन बघा. हायफन एल लॉगच (बदलांची नोंदवही) पुसतो, त्यामुळे तो अगदी शेवटी.

कर्नल कधी दोषी नसतोच असंही नाही. डिसेंबर २०२३ मध्ये कर्नल ६.१.६४ मधल्या चुकीनं ईएक्सटी४ वरचा डेटा बिघडत होता, डेबियननं १२.३ थांबवून १२.४ काढली. २०१८ मध्ये ४.१९ च्या वेळी सगळे ईएक्सटी४ ला शिव्या घालत होते, दोषी निघाला ब्लॉक लेयर, म्हणजे फाइलसिस्टम आणि डिस्क यांच्यामधला कर्नलचा थर. अशा कर्नलनं एकदा चुकीचं लिहिलं की जुन्या कर्नलवर गेलात तरी त्रुटी दिसतच राहतात. तेव्हा 'जुन्यावरही येतेय, म्हणजे नवा निर्दोष' हा निष्कर्ष काढू नका. आवृत्तीचा आकडा तपासा, आणि ती बदनाम निघाली तर सुधारित आवृत्ती येईपर्यंत जुन्या कर्नलवरच राहा.