मेंबर तोडताय? लोडच्या या चुका टाळा

इमारतीच्या कॉम्प्युटर मॉडेलमध्ये सेकंडरी बीम (मुख्य बीमवर टेकणारा बीम) जोडायचा असतो, मधे नोड (जोडबिंदू) हवा असतो, म्हणून मेंबर, म्हणजे मॉडेलमधला अखंड बीम, तोडून त्याचे तुकडे केले जातात. ॲनालिसिसचा रन मारला, एरर नाही, झालं काम! नव्या पोरांची ही घाई बघून मला धडकी भरते. बीम तोडल्यावर त्यावरचा लोड जागेवर आहे का, हे बघायला कुणी थांबत नाही.

सगळ्या लांबीवर सारखा पसरलेला यूडीएल सहसा त्रास देत नाही. मीटरला २० किलोन्यूटन असेल तर दोन्ही तुकड्यांवर तेच २०. घोळ बाकीच्या लोडचा.

पॉइंट लोडचं, म्हणजे एकाच जागी येणाऱ्या भाराचं बघा. ६ मीटरचा बीम, सुरुवातीपासून ४ मीटरवर ५० किलोन्यूटन. बीम मधोमध तोडला की हा लोड दुसऱ्या तुकड्यावर १ मीटरवर यायला हवा. स्टाड, ईटॅब्स, सॅप या ॲनालिसिसच्या प्रोग्रॅमची बीम तोडायची स्वतःची कमांड वापरली, तर ही वाटणी बहुतेक वेळा प्रोग्रॅमच करतो. पण लोकांना मॉडेलची टेक्स्ट फाइल उघडून हातानेच नंबर घालायचे असतात. दोन मिनिटं वाचतात म्हणे.

त्या दोन मिनिटांचा एक नमुना सांगतो. पाण्याच्या टाकीच्या भिंतीची एक मीटर रुंद पट्टी तपासायला आली होती. उंची ४ मीटर, तळाला फिक्स, वर मोकळी. पाण्याचा दाब वर शून्य, तळाला मीटरला ४० किलोन्यूटन धरलेला. कॅटवॉकचा ब्रॅकेट बसवायचा म्हणून पोराने पट्टी २ मीटरवर तोडली आणि त्रिकोणी लोडच्या ओळीत नवा मेंबर नंबर जोडून मोकळा झाला. वरच्या तुकड्यावर ० ते २० आणि खालच्यावर २० ते ४० हवं होतं. झालं काय, तर दोन्हींवर ० ते ४०.

विचारलं, रिॲक्शन (आधाराने भाराला दिलेलं उलट बल) तपासली का? "हो सर, ८० आहे, हाताच्या हिशोबाशी जुळतेय." जुळणारच! एक मोठा त्रिकोण ८० चा, दोन छोटे त्रिकोण ४०-४० चे. बेरीज तीच, पण लोड वर सरकला. तळाचा मोमेंट (भाराचा वाकवणारा परिणाम) १०६.७ किलोन्यूटन-मीटर हवा होता, आला १३३.३. मधल्या कापावर तर थेट दुप्पट.

वर ऐकवतो, "सेफ साइडलाच आहे ना?" या वाक्याचा मला मनापासून राग आहे. हीच चूक ६ मीटरच्या सिंपली सपोर्टेड (दोन्ही टोकांना नुसत्या टेकलेल्या) बीमवर, ० ते ३० च्या त्रिकोणी लोडवर करून बघा. जड टोकाची रिॲक्शन ६० ऐवजी ५२.५ येते. बेरीज तिथेही ९० च. कुठली सेफ साइड?

म्हणून माझी सवय अशी. तोडण्याआधी फाइलची कॉपी ठेवतो आणि प्रत्येक लोड केसच्या (भारांच्या गटाच्या) सपोर्टवार रिॲक्शन कागदावर उतरवतो, नुसती बेरीज नाही. तोडल्यावर एकेक केस लावून लोडचं चित्र स्क्रीनवर बघतो. त्रिकोणाच्या जागी करवतीचे दात दिसले की समजायचं. कुणाला हे जुनाट वाटतं, वाटू दे.

बाकीचं थोडक्यात. सेकंडरी बीम मॉडेलमध्ये आणल्यावर त्याच्याऐवजी आधी हाताने घातलेला पॉइंट लोड काढा, नाहीतर तोच भार दोनदा मोजला जातो. जुना अखंड मेंबर खाली तसाच पडलाय का, तेही बघा. टोकाचा हिंज दोन्ही तुकड्यांना चिकटला तर बीमच्या मधोमध बिजागर तयार होतो आणि मग इनस्टॅबिलिटीचा इशारा का येतोय म्हणून अर्धा दिवस शोधाशोध चालते.

स्टील डिझाइनमध्ये प्रोग्रॅमला वेगळं सांगितलं नाही, तर तो तुकड्याचीच लांबी धरून बसू शकतो. ६ मीटरच्या बीमचे सहा तुकडे केले तर बकलिंगची (दाबाखाली बाजूला वाकण्याची) लांबी १ मीटर, डिफ्लेक्शनही (बीमचा झोलही) १ मीटरच्या हिशोबाने, आणि रेशो (क्षमतेच्या तुलनेत भार) बघून सगळे खूश. पूर्ण लांबी पॅरामीटरमध्ये स्वतः भरा. स्टाडमध्ये डिफ्लेक्शनसाठी डीजे१ आणि डीजे२ या पॅरामीटरना अख्ख्या बीमच्या टोकांचे नोड द्या.

आणि केवळ मधला मोमेंट वाचायला बीम तोडणाऱ्यांनो, प्रोग्रॅम मेंबरच्या लांबीभर मोमेंट दाखवतोच. त्या मेंबरवर क्लिक तरी करून बघा.